पोट्ट्यावानी होऊन राहिलं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. आई शेवटी अंथरुणावर होती, रोज तिच्या उशाशी बसायचे, सगळं आयुष्य उकरून काढायचो आम्ही मायलेकी — तेव्हाही हे तेवढं वगळून बोलायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, नाही का? आज तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — जाऊ द्या. कारणं शोधायला बसले की मी फार हुशार होते, आणि मग सांगायचं राहूनच जातं.

मी अकोल्यात सोनोग्राफी करते. डॉक्टर आहे. बाईचं पोट, पोटावर गार जेल, हातात प्रोब आणि समोर पडदा — यातच केस पांढरे झाले. लोक मला 'कडक मॅडम' म्हणतात. माझ्या तोंडावर नाही, पण म्हणतात ते मला माहीत आहे, आणि खरं सांगू? मला ते आवडायचं.

मूळची मी धामणगाव रेल्वेची. घरात सगळे वऱ्हाडीच बोलायचे. मले, तुले, काहून. मेडिकलला पुण्यात गेले आणि हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी 'काहून गं?' म्हणाले. पोरी इतक्या हसल्या की एकीच्या तर नाकातून पाणी बाहेर आलं. त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली. परत येऊन अकोल्यात दवाखाना टाकला तेव्हा माझ्या तोंडात वऱ्हाडीचा एक शब्दही उरला नव्हता. तोंडात. कानात होता. कान कुठे घासता येतो माणसाला?

हे उगाच सांगत नाही. लक्षात ठेवा.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्याने बंदी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण विचारायचं थांबतं का? सरळ कोणी विचारत नाही. आडून आडून येतात. 'मॅडम, पेढे सांगू का जिलबी?' 'मॅडम, स्वेटर निळं विणू का गुलाबी?' एक सासू तर म्हणाली, 'काही सांगू नका बाप्पा, फक्त हसा.' मी हसत नाही. मी ओरडते. माझ्या ओळखीतल्या एकाच्या मशीनला सील लागलं होतं, त्याची काय गत झाली ते डोळ्यांनी पाहिलं होतं मी. आणि नुसती भीतीच होती असंही नाही. मला खरंच चीड यायची. अजून येते. कॉलेजांमध्ये भाषणं द्यायचे मी यावर. शाल-श्रीफळ घेतलेलं आहे.

म्हणजे असं बघा, माझ्याकडे रागवायला चांगलं कारण होतं. चांगलं कारण हाताशी असलं की माणूस काय काय करतो!

मार्चचे शेवटचे दिवस होते. त्याच आठवड्यात माझ्या सेंटरची सरकारी तपासणी होऊन गेली होती. काही निघालं नाही, पण त्या साहेबांनी दिवसभर बसवून ठेवलं होतं आणि डोकं अजून तापलेलंच होतं. बाहेर बाकं भरलेली. हिवरखेडची एक बाई आत आली. वैशाली. पहिलटकरीण, पाचवा महिना. गावच्या डॉक्टरांनी नेहमीच्या तपासणीला पाठवलेली. तोंडाला स्कार्फ बांधलेला — फक्त डोळे दिसत होते. उन्हाळ्यात आमच्याकडे प्रत्येक बाई तोंड बांधूनच फिरते, त्यात काही नवल नाही. पण आत आल्यावर सोडतात. माझ्या खोलीत एसी आहे. बायका आल्या आल्या स्कार्फ सोडून 'हुश्श' करतात. हिने सोडला नाही.

मला ते दिसलं होतं. मी म्हटलं नाही, की तोंड सोड गं.

पेपरवर आडनाव होतं. आडनावावरून आमच्याकडे सगळं कळतं, आणि आम्ही सगळे कळत नसल्यासारखं दाखवतो. वैशाली बौद्ध होती. तिची आणि नवऱ्याची गायन पार्टी होती — हे मला नंतर कळलं. जयंतीच्या महिन्यात गावोगावी भीमगीतांचे कार्यक्रम करायचे. नवरा, मिलिंद, पेटी वाजवायचा आणि ही गायची. तेल्हारा, अकोट, मूर्तिजापूर, कुठून कुठून बोलावणं यायचं, ते हिच्या आवाजासाठी. एप्रिल तोंडावर आलेला होता.

आडनाव वाचून मला काही वाटलं होतं का? तेव्हा विचारलं असतंत तर तुमच्या अंगावर धावून गेले असते. आज एवढंच म्हणते, की देशमुखांच्या सुनेवर मी तसं ओरडले नसते.

ती आडवी झाली. जेल लावलं, प्रोब टेकवला, बाळाचं डोकं, पाठीचा कणा, हृदय — माझं ठरलेलं असतं — बघत चालले होते. बाळ छान होतं. खोलीत आमच्या दवाखान्यातल्या मावशी होत्या, दाराशी उभ्या. दार थोडं किलकिलं. आणि तिने, छताकडे बघत, अगदी हळू म्हटलं,

"मॅडम, मले पोट्ट्यावानी होऊन राहिलं. पा ना जरा."

पोट्टा म्हणजे मुलगा. पुढचं तुम्हाला लागणार नाही कदाचित, म्हणून सांगते. आमच्याकडे कोणाला मळमळलं, गरगरलं, की म्हणतात, 'मले कसंतरी होऊन राहिलं.' मला कसंतरी होतंय. तसंच हे. मले पोट्ट्यावानी होऊन राहिलं — मला मुलासारखं होतंय. माझं बाईचं अंग मुलासारखं होत चाललंय, बघा ना काय आहे ते.

आणि मी ऐकलं काय? 'मले पोट्टा होऊन राहिला का, पा ना.' मला मुलगा होतोय का, बघा ना.

झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. लाज वाटते का, बाहेर बोर्ड लावलाय तो वाचता येत नाही का, पोटात मुलगी असली तर काय पाडणार आहात का, पोलिसांना बोलावू का — सगळं बोलले. मोठ्याने बोलले. दार किलकिलं होतं हे मला माहीत होतं, आणि बाहेरच्या बाकांवर ऐकू जावं असंच मला वाटत होतं. कडक मॅडम कडक आहेत, हे लोकांना अधूनमधून ऐकवावं लागतं.

ती उठून बसू लागली. "नाही मॅडम, तसं नाही..." एवढंच म्हणाली. आणि तो 'नाही' मध्येच मोडला. वर चढला आणि खाली घसरला — माझा भाचा दहावीत असताना त्याचा आवाज फुटायचा, अगदी तसा. बाईचा आवाज फुटत नाही. बाईचा घसा बसतो. मी म्हटलं, घसा बसलाय तुमचा, गार पाणी पिऊ नका, आणि आता गुपचूप झोपा, मला अजून बघायचंय.

ती झोपली. वळताना पोट जरा हललं, आणि पडद्याच्या कडेला एक करडा, भरीव गोल येऊन गेला. गर्भाशय वाढला की अंडाशयं वर सरकतात, बाजूला दडतात. ती शोधावी लागतात. कूस बदलायला लावायची, प्रोब दाबायचा, थोडा वेळ द्यायचा. तो गोल मी पाहिला. आतडं असेल म्हटलं. फायब्रॉइडची गाठ असेल म्हटलं, बऱ्याच जणींना असते. परत गेले नाही त्या बाजूला. मला तिला खोलीतून बाहेर काढायचं होतं.

रिपोर्टमध्ये 'दोन्ही अंडाशयं सामान्य' ही ओळ कॉम्प्युटरमध्ये आधीच टाइप केलेली असते. वेगळं काही दिसलं तर बदलायची असते. मी बदलली नाही.

ती गेल्यावर मावशी म्हणाल्या, 'बरं केलं मॅडम, आसंच पायजे.' मी चहा मागवला.

तुम्ही म्हणाल, चुकलं ऐकण्यात. होतं असं. मीही हेच म्हणत आले. पण थांबा, अजून सगळं सांगितलेलं नाही.

त्या एका ओळीने काय केलं ते आधी ऐका. वैशाली एप्रिलभर गावच्या डॉक्टरांकडे जात राहिली. माझा आवाज जातोय, तोंडावर केस येताहेत. त्यांनी माझा रिपोर्ट पाहिला, सगळं नॉर्मल. मग गुळण्या दिल्या, खोकल्याचं औषध दिलं. गरोदरपणात केस येतातच, म्हणाले. सासरच्या बायका म्हणाल्या, पोट्टा असन पोटात, म्हणून आवाज जाडा झाला. जयंतीच्या कार्यक्रमांत मिलिंदने एकट्याने गाणी ओढली, आणि ही मागे तोंड बांधून बसली. रोज पहाटे उठून, कोणी उठायच्या आत, नवऱ्याच्या ब्लेडने हनुवटी साफ करायची. हे तिनेच मला सांगितलं — ते पुढे येतं.

मेच्या शेवटी, सातव्या महिन्यात, बाळंतपणाला माहेरी आली. माहेर अमरावतीचं. आल्यानंतर दोनेक दिवसांतच पोटात असं दुखायला लागलं की ती गडाबडा लोळली. तिला जिथे नेलं तिथे रेखा होती. रेखा माझी मैत्रीण, मेडिकलला एका बाकावरची. स्त्रीरोगतज्ज्ञ. हात फार चांगला आहे तिचा.

रेखाने पहिली गोष्ट काय केली? तिच्या तोंडाचा स्कार्फ सोडला.

रेखाचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसले होते. दुर्मीळ केस सापडली की आम्हा डॉक्टरांना जो एक चेव येतो ना, तो तिच्या आवाजात होता. अगं काय सांगू तुला, ओठावर मिशी, हनुवटीवर खुंट, आवाज पुरुषाचा. ऐकताक्षणी मला शंका आली. रक्तात पुरुषी हार्मोन प्रचंड. उजव्या अंडाशयाची गाठ, नारळाएवढी. पीळ पडलेला, आणि एका बाजूने फुटलेली. आताच ऑपरेशन करून बाहेर येतेय. बाळ ठीक आहे अजून.

अंडाशयाच्या काही गाठी असतात, त्या पुरुषी हार्मोन बनवतात. मुळातच कमी. त्यात गरोदर बाईला झालेली — मी फक्त पुस्तकात वाचली होती. तरुणपणी परीक्षेसाठी पाठ केली होती: आवाज, केस, मुरुमं, आणि अंडाशयात भरीव गाठ. तोंडपाठ होतं मला. पाचवा महिना हा अशी गाठ काढायला सगळ्यात बरा काळ, बाळाला धोका कमी — हेही पाठ होतं. तेव्हा काढली असती तर ती अख्खी निघाली असती. फुटल्यामुळे आता आतलं पोटात सांडलं होतं. म्हणजे बाळंतपणानंतर कॅन्सरची औषधं. आणि आवाज — केस गळून जातात काही दिवसांनी, पण एकदा खाली उतरलेला आवाज वर चढत नाही. मार्चमध्ये तो नुकता फुटायला लागला होता.

हे सगळं मला घास तोंडात असतानाच कळलं. एका क्षणात.

मग रेखाने विचारलं. अगदी सहज. "रिपोर्ट तुझा आहे गं. पाचव्या महिन्यात काही बोलली होती का ती तुला?"

एक वाक्य पुरे होतं. हो, बोलली होती, मला कळलं नाही. एवढंच. रेखा मैत्रीण होती माझी, तिने काय मला फाशी दिलं नसतं. पण डोळ्यांसमोर काय काय आलं — कोर्ट, पेपरात नाव, ते तपासणीवाले साहेब, शाल-श्रीफळ. आणि माझं तोंड आपणहून बोलायला लागलं.

"काही नाही गं. मुलगा की मुलगी, तेवढं विचारत होती. मी रागावले तर अर्ध्यातून उठून गेली. पूर्ण बघूच दिलं नाही तिने."

बघा, किती गोळीबंद. एका दमात तीन थापा. आणि त्यातली पहिली तर मी मार्चपासून स्वतःशी खरी मानूनच बसले होते.

रेखा म्हणाली, "मग बरोबर. या बायका ना..." आणि पुढे ती टाक्यांचं बोलू लागली.

रेखाला दोष देऊ नका. तिने माझा शब्द खरा धरला, आणि तिलाही माझ्यासारखीच चीड येते. दुसऱ्या दिवशी राउंडला तिने वैशालीला सुनावलं. पोटात गाठ घेऊन फिरत होतीस आणि तिथे जाऊन मुलगा का मुलगी विचारत बसलीस? तपासणी अर्धी सोडून आलीस? स्वतःच्या हाताने केलंस हे. शेजारी मिलिंद उभा होता. तिची आई उभी होती. मिलिंद — जो स्टेजवर पेटी लावून लेकीबाळींच्या शिक्षणाची गाणी म्हणायचा.

काही आठवड्यांनी वैशाली बाळंत झाली. मुलगी झाली, अपुऱ्या दिवसांची, पण धडधाकट. मुलीचा गर्भ असा पुरुषी हार्मोनमध्ये वाढला तर तिच्या अंगावरही परिणाम व्हायची भीती असते. वारेने, म्हणजे प्लॅसेंटाने, ते सगळं अडवून धरलं होतं. रेखाने फोनवर सांगितलं तेव्हा मी रडले. खोटं नाही, खरंच रडले, बाथरूमचं दार लावून. मग तोंड धुऊन पुढची तपासणी केली. वैशालीला लगेच औषधं सुरू झाली, त्यामुळे तिला पोरीला अंगावर पाजता आलं नाही.

थंडीत रेखाने अमरावतीला डॉक्टरांच्या एका बैठकीत ही केस मांडली. मी गेले होते. न जाऊन कसं चाललं असतं? छान मांडली तिने. पडद्यावर त्या गाठीचा फोटो, हार्मोनचे आकडे, आणि मग एक ओळ आली — रुग्णाने पाचव्या महिन्यातील तपासणी अर्धवट सोडल्याने निदानास विलंब. माझी ओळ. मी जेवताना तोंडातून काढलेली. आता ती इतक्या डॉक्टरांसमोर मोठ्या अक्षरांत उभी होती, आणि लोक माना हलवत होते. रेखाने स्टेजवरून माझ्याकडे हात करून म्हटलं, आमच्या अकोल्याच्या मॅडमनी ही माहिती दिली. लोक मागे वळून माझ्याकडे बघून हसले. मी पण हसले.

तर आता ते मघाशी सांगायचं राहिलेलं.

ऐकण्यात चूक झाली, असं मी मघाशी म्हटलं. खोटं आहे ते. म्हणजे सुरुवातीला झाली असेल, एखाद-दोन वाक्यं ओरडून होईपर्यंत. पण मी धामणगावची आहे हो! लहानपणी मी चिंचेवर चढायचे, पोरांबरोबर भोवरा खेळायचे, तर आई दारातून रोज एकच ओरडायची — 'पोट्ट्यावानी नोको करू वं!' माझं अख्खं लहानपण त्या एका शब्दाखाली गेलं. वानी म्हणजे सारखं. पोट्टा वेगळा आणि पोट्ट्यावानी वेगळं. पुण्याच्या डॉक्टरणीला नसतं कळलं, मुंबईच्या नसतं कळलं. मला न कळायला काय झालं होतं?

मला 'वानी' ऐकू आलं होतं. ती "नाही मॅडम, तसं नाही" म्हणाली आणि तिचा आवाज मोडला, तेव्हा ते 'वानी' माझ्या कानात मागे फिरून आलं, स्वच्छ. आईच्या आवाजात आलं. स्कार्फ दिसला, आवाज ऐकला, कडेला तो करडा गोल पाहिला — आणि सगळं एका ओळीत लागायच्या आधीच मी तिकडून तोंड फिरवलं. का? कारण मी ओरडून चुकले होते. मावशी बघत होत्या. बाहेर बाकं ऐकत होती. आता थांबून, 'बाई गं, काय म्हणालीस, परत सांग', असं त्या पोरीला मी म्हणू? मी? वर आणखी माझी घासलेली जीभ बाजूला ठेवून तिच्या बोलीत विचारावं लागलं असतं. ते नको होतं मला.

एवढ्यासाठी. दुसरं काही नाही. चारचौघांत शब्द मागे घ्यायला नको म्हणून.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मागच्या वर्षी फोन आला. रिसेप्शनची मुलगी रजेवर होती, मीच उचलला. पलीकडे पुरुषाचा आवाज, सोनोग्राफीचा नंबर लावायचा म्हणाला, गाठीच्या ऑपरेशननंतरची तपासणी आहे. मी म्हटलं, दादा, पेशंटला द्या फोन.

मग, "मीच हाय मॅडम, पेशंट. हिवरखेडची वैशाली."

ती आली. तोंड बांधलेलं नव्हतं. चेहरा बाईचाच, साधा, गोड चेहरा, केस गेलेले. आवाज तसाच राहिलेला. बरोबर मिलिंद आणि मुलगी. मुलगी आता बालवाडीत जाते, तिला नवा टिफिन मिळालेला ती सगळ्यांना दाखवत होती. ते दोघं बाहेर बाकावर बसले, ही आत आली. मी तपासलं. डावीकडे सगळं चांगलं होतं, उजवीकडे आता काही नव्हतंच. या वेळी मी दोन्ही बाजूंनी बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं, तिला वाटलं असेल काहीतरी निघालं. तेव्हा तिनेच बोलायला सुरुवात केली, ते ब्लेडचं वगैरे. गाणं सुटलं म्हणाली. पार्टीत आता तिची जाऊ गाते, ही मागे बसून झांजा वाजवते. तक्रार नव्हती सांगण्यात. मी पडद्याकडे बघत हं, हं करत होते.

मी जेल पुसायला कागद दिला. तिने पोट पुसलं, साडी सारखी केली, आणि उठायच्या ऐवजी टेबलाच्या कडेला बसून राहिली.

"मॅडम, एक काम होतं. थे बाहेर बसले हायेत. त्यायले एकडाव सांगसान का — का मी पोट्टा-पोट्टी इचारलंच नव्हतं म्हून? अमरावतीच्या मॅडमनं त्यायच्या समोर तसं म्हनलं होतं. थे बोलत नाहीत काही. पन पोरीले उचलून घेतलं का माह्याकडे पायतेत. मी सांगतलं तर खरं वाटत नाही त्यायले. तुमी सांगतलं का वाटन."

मी प्रोब पुसायला घेतला. मग तीच म्हणाली, की चूक तिचीच असेल, नीट सांगता आलं नसेल, अडाणी बोलणं आपलं. आणि मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं,

"तुमाले आठवते ना, मी काय म्हनलं होतं थे?"

चूक तिची. अडाणी बोलणं. माझ्या आईचं बोलणं होतं ते.

मी म्हटलं, "नाही हो. रोज इतके पेशंट असतात. मला काहीच आठवत नाही."

तिने मान हलवली. "हाव, तेही बरोबर हाय," म्हणाली, "तुमी तरी कोनाकोनाचं ध्यानात ठेवसान." चपला घातल्या, दार उघडलं. समोरच्या बाकावर मिलिंद बसला होता, मांडीवर पोरगी झोपलेली, तिचा टिफिन त्याच्या हातात. दार उघडल्यावर त्याने वर पाहिलं — तिच्याकडे नाही, माझ्याकडे. काही सांगणार आहेत का मॅडम, असं पाहिलं. म्हणजे तो वाट बघत होता. तिने त्याला सांगून ठेवलं होतं, की आज मॅडमले इचारते.

मले पोट्ट्यावानी होऊन राहिलं, पा ना जरा. शब्दन् शब्द आठवतो. तेव्हाही आठवत होता, त्या दारात उभी असताना.

मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.